बॅकस्लॅश-डीने केलेली गंमत

पासवर्ड तपासायला मी एकच लांबलचक रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचं सूत्र) लिहिला होता. चार लुकअहेड, म्हणजे 'अमुक प्रकारचं अक्षर हवंच' अशा तपासण्या, शेवटी किमान ८ अक्षरांची अट. दिसायला एकदम झोकदार! मग कुणीतरी देवनागरी अंक टाकले. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट म्हणे, यात अंकच नाही. सर्व्हरवरच्या पायथनला मात्र ते चालले. बॅकस्लॅश-डी, म्हणजे रेजेक्समधली 'कोणताही अंक' ही खूण, पायथन ३ मध्ये युनिकोडमधले सगळे दशमान अंक पकडतो, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी. दोन्हीकडे [0-9] लिहून मोकळा झालो.

पण 'पासवर्ड@१२३' इंग्रजीत, पहिलं अक्षर कॅपिटल करून टाकलं, तर आरामात पास! अमेरिकेच्या निस्टने (मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१७ मध्येच सांगितलंय की असल्या अटी नकोत, लांबी बघा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. चारही लुकअहेड काल उडवले. जीवावर आलं होतं, खरं सांगतो.