पळीवरून चमच्यावर

सासूबाईंच्या हाताला फोडणीत पळीभर तेल घालायची सवय. आता पळीच्या जागी चहाचा चमचा आलाय आणि रोज ‘भाजी कोरडी झाली गं’ ऐकावं लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं आयात होणाऱ्या कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ सीमाशुल्क लावलं आणि ऐन सणासुदीत पिशवी महागली. निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो, मग दुसरं काय होणार! हे सगळं सोयाबीनवाल्यांच्या भल्यासाठी म्हणे. माझा भाऊ औसा तालुक्यात सोयाबीनच पेरतो. त्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, त्याच्या हाती पडले चार हजारांच्या आसपास. त्याला विकताना मार, मला विकत घेताना.

त्या दिवाळीत सोऱ्या माळ्यावरून खाली आलाच नाही. चिवडा केला, तोही पातळ पोहे उन्हात तापवून, तेलाचा नुसता हात लावून. पापड आता भाजूनच. भजी फक्त पाहुणे आले तर, आणि तळून उरलेलं तेल गाळून फोडणीला. ‘असं वापरणं तब्येतीला वाईट असतं,’ असं धाकटी शाळेतून शिकून आली. म्हटलं, जा, वाण्याला सांग.