दहा बाय दहाच्या खोलीसाठी स्टुडिओ मॉनिटर निवडताना

स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे गाणं मिक्स करताना खरा आवाज ऐकायचे स्पीकर, घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो इंचांचा, म्हणजे आत खालचे सूर वाजवणाऱ्या वूफरच्या व्यासाचा. पाच घ्यावेत की आठ? त्याच्याही आधी टेप घेऊन खोली मोजा. नागपुरात घरचा स्टुडिओ बहुधा १० बाय १० किंवा १० बाय १२ च्या खोलीत उभा राहतो. वर १० फुटांवर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, एका भिंतीला लोखंडी आलमारी, खिडकीत कुलर. अशा खोलीत २०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे बेसच्या भागात, काय ऐकू येणार, हे मॉनिटरपेक्षा खोलीच जास्त ठरवते.

हिशेब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर येतं ५६ हर्ट्झ. १२ फुटांचं येतं ४७. त्या सुराला आणि त्याच्या पटींना खोली स्वतः घुमते. १० बाय १० ची खोली आणि वर १० फुटांचाच स्लॅब असेल, तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकाच ५६ वर आणि पुढे ११२ वर एकमेकींत भर घालतात. रेकॉर्डिंगसाठी यापेक्षा वाईट आकार शोधून सापडणार नाही. घरात १० बाय १२ ची खोली मिळत असेल तर तीच घ्या, मग ती रस्त्याच्या बाजूला का असेना.

हे कानाने तपासायचं असेल तर डग्ग्याचं रेकॉर्डिंग लावा. तळहाताच्या दाबाने खालून वर जाणारी घिस्सा असलेला तुकडा निवडा. डग्ग्याचा मूळ सूर साधारण ७० ते १३० हर्ट्झच्या पट्ट्यात फिरतो, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीचे ९४ (४७ ची दुप्पट) आणि ११२ चे घुमारे नेमके त्याच्या वाटेत येतात. आधी हेडफोनवर ऐका. तिथे सूर एकसारखा चढत जातो. मग स्पीकरवर ऐका. मधेच एक जागा फुगते, पुढे आवाज जवळजवळ नाहीसा होतो, पुन्हा वर येतो. हे खड्डे-उंचवटे मॉनिटरचे नाहीत, खोलीचे आहेत. ते न ओळखता मिक्स करणारा, म्हणजे सगळ्या आवाजांचा तोल बसवणारा माणूस फुगलेली जागा इक्वलायझरने, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या साधनाने कापतो, आणि तेच गाणं दुसरीकडे वाजलं की ढोलकी-तबल्यात जीव राहत नाही. भीमगीत असो, भजन असो की लग्नातलं डीजे गाणं, घरी मिक्स केलेल्या गाण्यांचा सगळ्यात जास्त घात होतो तो इथे.

म्हणून इतक्या खोलीत आठ इंची मॉनिटर नकोच. तो ३८-४० हर्ट्झपर्यंत खाली जातो, पण खोली त्या भागात खरं सांगत नाही. शिवाय मोठ्या वूफरचा आणि ट्वीटरचा, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, आवाज नीट एकजीव होऊन कानावर यायला अंतर लागतं, आणि टेबलाशी बसल्यावर ते मिळत नाही. गाणं, हार्मोनियम, गिटार, निवेदन, पॉडकास्ट यांना पाच इंची पुरतो. ढोलकी, तबला आणि बेस यांचंच काम जास्त असेल आणि खोली १० बाय १२ च्या वर असेल, तर साडेसहा इंच. साडेतीन इंची जोड्या व्हिडिओ एडिटिंगला ठीक आहेत, पण ८० हर्ट्झच्या आसपास त्यांचा दम संपतो. डग्गा मिक्स करायला त्यांच्यावर विसंबू नका.

खोक्यावरचा आकडा वाचताना जपून. यामाहा एचएस५ ची खालची मर्यादा ५४ हर्ट्झ लिहिलेली असते, पण ती आवाज १० डेसिबलने पडल्यानंतरची. ३ डेसिबलच्या हिशेबाने तोच मॉनिटर ७४ पर्यंत जातो. जेबीएल ३०५पी एमके२ चे हेच दोन आकडे ४३ आणि ४९. एका कंपनीचा १० डेसिबलचा आकडा दुसरीच्या ३ डेसिबलच्या आकड्याशी ताडून पाहिला तर निवड हमखास चुकते. वॅटच्या आकड्यांकडे तर लक्षच देऊ नका. हातभर अंतरावरून ऐकायला त्यातला कोणताही पुरतो.

एचएस५ मधल्या पट्टीचे सूर समोर आणतो, त्यामुळे गायकाच्या श-ष-सचे काटे आणि आवाजातली खरखर लगेच कळते. बोल आणि गळा हेच मुख्य असलेल्या कामाला तो चांगला. ३०५पी खाली अधिक जातो आणि खुर्ची थोडी इकडेतिकडे सरकली तरी चित्र फारसं बिघडत नाही. दोन जण शेजारी बसून मिक्स ऐकत असतील तर हा बरा. या दोघांचंही पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, मागे आहे. केआरके रोकिट ५ जी४ आणि कली एलपी-६ यांचं पुढे. कलीच्या मागे छोटे स्विच असतात आणि मॉनिटर टेबलावर आहे, भिंतीजवळ आहे की स्टँडवर, त्याप्रमाणे ते कसे लावायचे याची चित्रं तिथेच छापलेली असतात. मॉनिटर भिंतीला जवळजवळ टेकवूनच ठेवावा लागणार असेल तर मी पुढच्या पोर्टचाच घेईन. भाव बघताना तो एका नगाचा आहे की जोडीचा, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. यातले बरेच मॉडेल सुटे विकले जातात. बाहेरून कोणाकडून मागवत असाल तर २३० व्होल्टवर चालतो की नाही तेही आधी बघा.

आता भिंतीपासूनचं अंतर. मॉनिटरमधून खालचे सूर मागेही जातात, भिंतीवर आपटून परत येतात आणि समोरच्या आवाजात मिसळतात. मॉनिटरच्या पुढच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचं अंतर ज्या सुराच्या लहरीच्या पाव भागाइतकं असेल, तो सूर खोडला जातो. अंतर १ मीटर असेल तर खड्डा ८६ हर्ट्झला, ६० सेंटिमीटर असेल तर १४३ ला. दोन्ही जागा डग्ग्याच्या, ढोलकीच्या आणि पुरुषी आवाजाच्या. भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढला की आवाज साफ येतो असं सर्रास सांगितलं जातं. लहान खोलीत तेच सगळ्यात वाईट. त्यापेक्षा मॉनिटर मागे न्या. मागचं पोर्ट असेल तर १० सेंटिमीटर सोडा. एचएस५ पुढून मागेपर्यंत साधारण २२ सेंटिमीटर, म्हणजे एकूण अंतर ३२ आणि खड्डा सरकतो २६८ हर्ट्झवर. तिथे भिंतीवरचा जाड शोषक काम करू लागतो. भिंतीजवळ गेल्याने बेस फुगतो, तो मागच्या स्विचने उतरवायचा. एचएस५ वर रूम कंट्रोल उणे २ किंवा उणे ४ करा, ३०५पी वर बाउंड्री ईक्यू.

बसायचं खोलीच्या लांबीच्या दिशेने तोंड करून, समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. १२ फुटांच्या खोलीत हे साडेचार फूट होतात. बरोबर मधोमध बसलात तर ४७ हर्ट्झ ऐकूच येत नाही, मागच्या भिंतीला पाठ लावलीत तर तोच कानात भरतो. दोन्ही मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबल खाली असेल तर मॉनिटर स्टँडवर उचला, आडवा झोपवू नका. आलमारी डाव्या किंवा उजव्या भिंतीला असेल तर एका बाजूचं परावर्तन दुसरीपेक्षा वेगळं होतं आणि गायकाचा आवाज मधून सरकलेला वाटतो. आलमारी पाठीमागे हलवा.

पहिली परावर्तनं शोधायला आरसा लागतो. तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्याला भिंतीलगत आरसा सरकवायला सांगा. जिथे आरशात मॉनिटर दिसतो तिथे शोषक लावायचा. ऑनलाइन मिळणारा पातळ, खळग्याखळग्यांचा फोम फक्त वरचे सूर खातो. खोली मंद होते आणि बेसचा गोंधळ तसाच राहतो. त्यावर पैसे घालवू नका. घनमीटरला ४८ किलो घनतेचा रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), ५० मिलिमीटरचे दोन थर लाकडी चौकटीत, वर सुती कापड, मागे दोन इंच मोकळी जागा, हा खरा उपाय. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला.

आपल्याकडे कापसाची गादी मिळते हे मात्र मोठं सुख. पिंजाऱ्याकडून नव्याने पिंजून, सैल भरलेली चार इंची गादी समोरच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरपी उभी करा, मागे त्रिकोणी पोकळी राहू द्या. दडपून भरलेली जुनी गादी तेवढं काम करत नाही. खाली दोन विटा ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून वास सुटतो. मात्र ५६ हर्ट्झ गादीने जात नाही. तो खुर्ची आणि मॉनिटर इंच-इंच सरकवूनच सांभाळावा लागतो.

रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा माइक, एवढ्यावर हे सगळं पडद्यावर दिसतं. त्यातून निघालेले इक्वलायझरचे अरुंद काप लावताना नागपूरचा एक हिशेब ध्यानात ठेवा. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. जानेवारीच्या १२ अंशांत १० फुटांचा घुमारा ५५.५ हर्ट्झला असतो. मे महिन्यात कुलर बंद करून रेकॉर्डिंगला बसलात आणि खोली ४० अंशांवर गेली की तो ५८ च्या पुढे सरकतो. हिवाळ्यात लावलेला अरुंद काप तेव्हा निशाण्यावर नसतो. काप रुंद आणि उथळ ठेवा, उन्हाळ्यात पुन्हा मोजा.

कुलर चालू ठेवून मिक्स करू नका. पंख्याच्या घोंघाटाखाली रिव्हर्बची, म्हणजे गाण्यात मुद्दाम घातलेल्या घुमाऱ्याची, शेपटी बुडते, मग ती जास्त घातली जाते. कुलरचा झोत मॉनिटरवर येऊ देऊ नका. ओलावा आणि धूळ मिळून ट्वीटरच्या जाळीवर थर बसतो, जॅक गंजतात. काम संपल्यावर वर सुती कापड टाका.

विजेचं काम मॉनिटर येण्याआधी करून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळपास सारखे आले पाहिजेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. लॅपटॉप, इंटरफेस (लॅपटॉप आणि मॉनिटर यांना जोडणारा आवाजाचा डबा) आणि दोन्ही मॉनिटर एकाच बोर्डावर, कुलर वेगळ्या. तरी घुं घुं येत असेल तर मॉनिटरमधून आवाजाची केबल काढा. थांबलं तर दोष केबलचा किंवा इंटरफेसच्या बाजूचा, राहिलं तर मॉनिटरच्या विजेचा. पिनेवर दोन काळ्या रिंगा असलेली बॅलन्स्ड केबल घ्या. एका रिंगेची गिटारची केबल लावली की पहिली तक्रार हीच येते. घुं घुं घालवायला अर्थची पिन तोडणं जिवावर बेतू शकतं, ते कधीही करू नका. इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाईट गेल्यावर मॉनिटर बंदच ठेवा, काम हेडफोनवर करा.

पातळी ठरवायला उणे २० डेसिबलचा पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा सूं आवाज, एका वेळी एकाच मॉनिटरमधून सोडा. कानाच्या जागी आवाज मोजायचा मीटर धरून, त्यावर सी वेटिंग आणि स्लो या सेटिंग निवडून ७३ ते ७५ येईपर्यंत इंटरफेसचं बटण फिरवा आणि तिथे पेनाने खूण करा. मिक्स याच खुणेवर. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी जाणवतात, म्हणून रात्री बारीक आवाजात ठरवलेला बेस सकाळी जास्त निघतो.

नवी जोडी आली की त्याच दिवशी ४० ते २०० हर्ट्झचा सूर मध्यम आवाजात हळूहळू चढवत न्या. कुठे खर्रर्र झालं तर आधी टेबलावरच्या वस्तू आणि खिडकीची काच हाताने दाबून बघा, मगच मॉनिटरवर संशय घ्या. मग डावा-उजवा बदलून तेच गाणं लावा. दोष मॉनिटरबरोबर दुसरीकडे गेला तर नग बदलून घ्या, जागीच राहिला तर तो खोलीचा. खोकं आणि आतले थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्या.