डीपीएफचा दिवा लागला आणि आम्ही नेमकं उलटं केलं

चार दिवसांची सहल, गाडी डिझेल, मागच्या सीटवर आई-बाबा, शेजारी बायको. पहाटे निघायचं ठरवून सकाळी उशिरा निघालो, त्यामुळे पहिला दीड तास शहराच्या कोंडीतच गेला. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत होतो आणि शहर संपता संपता समोर एक नारिंगी दिवा लागला. पाइप जोडलेल्या डब्याचं चित्र, आत ठिपके. गेली दोन वर्षं ही गाडी चालवतोय, पण हे चित्र कधी पाहिलं नव्हतं. हा डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा, हे नंतर कळलं.

बाबांनी मागून लगेच सांगितलं, "अरे, बाजूला घे आणि बंद कर. थंड होऊ दे जरा." त्यांचा जन्म इंजिन तापणाऱ्या गाड्यांत गेला, आणि लाल दिव्यांच्या बाबतीत त्यांचं आजही बरोबरच असतं. दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर गेलो आणि मग जागा बघून थांबलो, इंजिन बंद केलं. इंजिन थांबलं तरी पुढचा पंखा मात्र जेट विमानासारखा घोंघावत राहिला आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा, काहीसा जळकट वास यायला लागला. आता तर आमची खात्रीच झाली की काहीतरी पेटलंय.

पेटलेलंच होतं, पण पेटायलाच हवं होतं.

बायकोने कप्प्यातून मॅन्युअल काढलं आणि ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. मला समजलं ते असं. डिझेलच्या धुरातली काजळी बाहेर जाऊ नये म्हणून एक्झॉस्टमध्ये सिरॅमिकचा, मधाच्या पोळ्यासारख्या नळ्यांचा फिल्टर असतो. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद, त्यामुळे धूर भिंतींमधून गाळूनच पुढे जातो. काजळी साठली की ती जाळावी लागते. हायवेवर भरपूर चाललं तर एक्झॉस्टच्या उष्णतेने ती हळूहळू आपोआप जळते. नाहीतर गाडी मुद्दाम थोडं डिझेल उशिरा सोडते, ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळतं आणि फिल्टर ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. याला रिजनरेशन म्हणतात. नारिंगी दिवा म्हणजे "मला हे पूर्ण करायला मिळत नाहीये, जरा नीट चालव" अशी विनंती. आम्ही विनंती ऐकून गाडीच बंद केली होती.

खरं कारण त्या दिवसाच्या कोंडीपेक्षा जुनं होतं. गेले कित्येक महिने गाडी ऑफिसला आणि परत, एवढीच चालत होती. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत मुक्काम यायचा. मधे कधी कधी बंद करताना पंखा जोरात चालू असायचा, सिग्नलला आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) ८०० ऐवजी १०००च्या घरात दिसायचा, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करायचं नाही. मला वाटायचं एसीमुळे. ती सगळी अर्धवट तोडलेली रिजनरेशन्स होती.

पुन्हा निघालो. चौथा गिअर, ताशी ८०च्या आसपास, आरपीएम २२०० ते २५००. सहाव्या गिअरला १५०० आरपीएमवर आरामात जाण्याचा मोह आवरायचा, कारण तेवढ्यात एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही. पाचेक मिनिटांनी मायलेजचा आकडा पडला, म्हणजे जास्तीचं डिझेल सोडून रिजनरेशन सुरू झालं होतं, आणि मी खूश झालो. पण तेवढ्यात इंधन कमी असल्याचा दिवा लागला, आकडा पूर्ववत झाला, आणि नंतर अर्धा तास चालवूनही डीपीएफचा दिवा तसाच. टाकीत डिझेल कमी असेल तर बहुतेक गाड्या रिजनरेशन करत नाहीत, हे त्याच पानावर चौथ्या ओळीत होतं. पूर्ण पान न वाचल्याचा दंड. आपल्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा, मी मात्र आता सरळ पाव टाकीच्या खाली जाऊच देत नाही.

टाकी भरली. पुढे घाट होता. चढावर छान भार मिळतो, उतारावर नाही. ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिन डिझेलच घेत नाही, एक्झॉस्ट उलट थंड होतो. त्यामुळे घाट उतरल्यावर सपाटीला लागल्यावरच खरं काम झालं. साधारण वीस मिनिटं एकसारखं चालवलं आणि दिवा गेला. बाबा म्हणाले, "गेला की!" आई तोवर झोपली होती.

तुमचा दिवा असाच एकटा, स्थिर नारिंगी असेल तर हे करून बघा. तो लुकलुकत असेल, सोबत इंजिनचा दिवा असेल किंवा गाडी जोरच घेत नसेल, तर हायवेवर पळवून सुटका नाही. काजळी फार साठल्यावर पेटली तर तापमान हाताबाहेर जाऊन फिल्टरला तडा जाऊ शकतो. अशा वेळी वर्कशॉपमध्ये आधी स्कॅनर लावून काजळीची पातळी बघतात, मगच उभ्या गाडीत रिजनरेशन करायचं की नाही ते ठरवतात. आणि कोणी "फिल्टरच काढून टाकू, कटकट मिटेल" म्हणालं तर गाडी तिथून हलवा. रिजनरेशन चालू असताना किंवा नुकतंच झालेलं असताना वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका, हे वेगळं सांगायला नको. आम्ही पहिल्यांदा थांबलो ती जागा आठवली की अजून पोटात गोळा येतो.

दिवा वारंवार लागत असेल तर दोष बहुधा फिल्टरचा नसतो. गळणारा इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंजिन गरमच होऊ न देणारा थर्मोस्टॅट किंवा दाब मोजणारा सेन्सर, हे आधी तपासून घ्या.

परतीच्या दिवशी घराच्या कोपऱ्यावर आलो आणि आरपीएम पुन्हा हजारावर. आत न वळता सरळ पुढे गेलो, हायवेला एक लांब फेरी मारून आलो. या वेळी बाबा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनची डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही दोनेक मिलिमीटर वर, पातळ, आणि डिझेलचा वास. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रिजनरेशनमधलं थोडं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलं होतं. ऑइल कमी झालेलं आपण बघतो, वाढलेलं कोण बघतं? सर्व्हिसची तारीख लांब होती तरी बदलून घेतलं, आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घातलं. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची बसते. तो ग्रेड आता एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आत चिकटवलाय.