छेदातला क्ष : वही तिसरी

छेदात क्ष असलेली समीकरणं सुरू करून आज आठवडा झाला. रात्री जेवणं आटोपली की दोन गणितं, एवढाच नेम. मंगळवारचं गणित पूर्ण मांडते, कारण ते अजून डोक्यातून जात नाही.

क्ष/(क्ष − २) − ३/(क्ष + १) = ६/(क्ष² − क्ष − २)

उजव्या छेदाचे अवयव पाडले की (क्ष − २)(क्ष + १), म्हणजे लसावि आयताच मिळाला. दोन्ही बाजूंना त्याने गुणलं: क्ष² + क्ष − ३क्ष + ६ = ६, म्हणजे क्ष² = २क्ष. इथे सवयीने दोन्हीकडचा एकेक क्ष खोडला आणि क्ष = २ आलं. पण २ ठेवला की पहिलाच छेद शून्य! ‘उकल नाही’ असं लिहून वही मिटली.

सकाळी ठाणे स्टेशनात गाडीची वाट बघताना चूक दिसली. क्ष खोडायचा तर तो शून्य नाही हे आधी माहीत हवं, आणि मी ते परस्पर धरून चालले होते. क्ष(क्ष − २) = ० अशी मांडणी केली की ० आणि २ दोन्ही येतात. शून्याचा ताळा तिथेच तोंडी केला: डावीकडे ० − ३, उजवीकडे ६ भागिले −२. दोन्हीकडे −३. उकल होती, मीच ती खोडली होती.

मग २ आला कुठून? क्ष जर २ असेल तर लसावि शून्य, म्हणजे दोन्ही बाजूंना आपण शून्याने गुणतो. शून्याने गुणलं की वाटेल त्या दोन बाजू सारख्या होतात. म्हणून आता गणिताला हात घालण्याआधी समासात लिहिते: क्ष ≠ २, क्ष ≠ −१.

गुरुवारी स्वतःच एक गणित रचलं. ठाणे ते सीएसएमटी ३४ किलोमीटर. गाडीचा वेग ताशी १७ किलोमीटरने वाढला तर २० मिनिटं वाचतात. मूळ वेग किती?

३४/क्ष − ३४/(क्ष + १७) = १/३

सोडवलं की क्ष² + १७क्ष − १७३४ = ०, म्हणजे (क्ष + ५१)(क्ष − ३४) = ०. मूळ वेग ३४. तासाभराचा प्रवास ४० मिनिटांवर येतो. स्लो आणि फास्ट लोकलमधला फरक रोज अनुभवणाऱ्याला हे उत्तर लगेच पटेल.

शाळेत ‘वेग ऋण नसतो’ असं लिहून −५१ सोडून द्यायचो. या वेळी त्याचाही ताळा केला: −२/३ + १ = १/३. जुळतो! मंगळवारचा २ समीकरणातच बसत नव्हता. −५१ समीकरणात चोख बसतो, फक्त गाडीला लागू पडत नाही. शिवाय −५१ मध्ये १७ मिळवले की −३४. तेच दोन वेग, ऋण होऊन जागा बदललेले. ताळ्याखाली मी लाल पेनाने दोन रेघा ओढल्या.