काउंट किती आले?

आईच्या पहिल्या केमोनंतर बाराव्या दिवशी सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टचा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला. पांढऱ्या पेशी १,८००. शेजारी नॉर्मल छापलेलं: ४,००० ते ११,०००. आमच्या घरात तोवर ‘काउंट’ म्हटलं की डेंग्यू आणि प्लेटलेट, एवढंच. शेजारच्या काकू त्याच हिशेबाने पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या.

डॉक्टर मॅडमनी १,८०० वर नजर टाकली न टाकली, बोट खालच्या ओळीवर गेलं. न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार, ३५ टक्के. रिपोर्टच्या पाठीवर पेनने गुणाकार: ६३०. “आपण हा आकडा बघायचा. जंतू आत शिरले की आधी हेच धावतात. दीड हजाराच्या खाली गेले तर कमी, पाचशेच्या खाली गेले तर मलाही घोर लागतो.” केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर पडते, आणि बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, पांढऱ्या पेशी तर रात्रंदिवस तयार होत असतात, म्हणून त्याही मारल्या जातात. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास तळ, मग हळूहळू चढ. बीट-डाळिंबाने हा आकडा वर येत नाही, हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगून टाकलं.

एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. १००.४ ताप दिसला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टी. लढणाऱ्या पेशीच नसतील तर पू धरत नाही, सूजही फारशी दिसत नाही. ताप तेवढा कळतो. त्या आठवड्यात थर्मामीटर माझ्या उशाशी होता. कच्चं बंद, म्हणजे आईची कोशिंबीरही बंद. केमोपेक्षा तिला त्याचाच जास्त राग.

दुसऱ्या केमोला चोवीस तास उलटल्यावर पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमची इंजेक्शनं सुरू झाली, रोज एक, पाच दिवस. बर्फाच्या पिशवीत गुंडाळून रिक्षाने आणायची, फ्रिजमध्ये ठेवायची, सिस्टर येऊन पोटावर टोचायच्या. तिसऱ्या दिवसापासून आईची कंबर ठणकायला लागली. मॅरो कामाला लागला की हाडं दुखतात म्हणे. तिने ते आम्हाला दोन दिवस सांगितलंच नाही.

पाचव्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मी हौसेने सीबीसी करवून घेतलं. २६,४००! न्यूट्रोफिल ८८ टक्के. रात्रभर मोबाइलवर वाचत बसलो. इन्फेक्शनपासून ब्लड कॅन्सरपर्यंत सगळं फिरून आलो. सकाळी मॅडमचा पहिला प्रश्न, “ताप? खोकला? लघवीला जळजळ?” काहीच नव्हतं. दुसरा प्रश्न, “आज टेस्ट करायला कुणी सांगितलं होतं?” इंजेक्शनने मॅरोतला साठा रक्तात ढकललेला, थांबवलं की एक-दोन दिवसांत निम्म्यावर येईल, म्हणाल्या. माझा चेहरा बघून पुढे, “स्टेरॉइड घेतलं तरी असाच चढतो.”

चार दिवसांनी त्यांच्याच सांगण्यावरून परत रक्त दिलं. ६,२००.

आईला फोन केला. आकडा ऐकून ती म्हणाली, “मग काकड्या आण येताना.”