शाळेतल्या माराला माझा विरोध का, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, आपण पण मार खाऊनच शिकलो की. मग आत्ताच काय झालं?" पालकसभा असो नाहीतर हळदीकुंकू, हा प्रश्न मला ठरलेला. विचारणारी माणसं वाईट नसतात. "चार फटके द्या गुरुजी, पण शिकवा" असं सांगून पोराला शाळेत सोडणारी, त्याच्या भल्यासाठी झटणारीच असतात. म्हणून सविस्तर सांगते.

माझा मुलगा सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत चौथीत होता. भागाकार चुकला की हात उलटा धरायला लावायचे आणि पट्टीच्या कडेनं बोटांच्या पेरांवर मारायचे. त्याआधी त्याची वही खाडाखोडीनं भरलेली असायची. बाकी चुकलेली, खोडरबरानं कागद विरलेला, पण प्रत्येक पायरी त्याची स्वतःची. मार सुरू झाला आणि वही एकदम स्वच्छ झाली. शिक्षक म्हणाले, "बघा, सुधारला." मी वही नीट बघितली. भागाकारात शेजारच्या पोराचा जो शून्य द्यायचा राहिला होता, तोच शून्य याच्याही वहीत राहिला होता. न आलेलं लपवायचं कसं, तेवढं तो शिकला होता.

माझी मुख्य हरकत हीच. 'मला हे येत नाही' हे सांगायलाच तर मूल शाळेत जातं. ते सांगितल्यावर मार बसणार असेल, तर ते तोंड कशाला उघडेल?

आणि 'आपण शिकलो' म्हणताना आपण कुणाला मोजतो? आपल्याच वर्गातली जी पोरं माराच्या धास्तीनं शाळेच्या वाटेवरून रानात पळायची आणि पुढं शाळेतून कायमची सुटली, ती या गप्पांना नसतात.

मार सगळ्यांना सारखा बसत नाही, हेही बघा. आपल्याकडं गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड कामगार येतात. त्यांची पोरं वर्ष अर्ध्यावर आलेलं असताना वर्गात येऊन बसतात. पुस्तक पुढं गेलेलं, ओळखीचं कुणी नाही, आई-बाप पहाटेपासून फडात. त्या पोराला मारलं तर विचारायला कोण येणार? सरपंचाच्या नातवावर हात उचलताना मात्र शंभरदा विचार होतो. याला शिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

शिक्षकांचे हाल मला दिसतात. दोन-दोन, तीन-तीन वर्ग एकाकडे, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. त्यासाठी भांडायचं असेल तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहीन. पण तो वैताग नऊ वर्षांच्या पोराच्या बोटांवर निघता कामा नये.

कायदाही स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. म्हणजे वर्गासमोर 'ढ' म्हणून उभं करणंही त्यात आलं. मारणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पालकांनी 'मारा' म्हटल्यानं ही बंदी उठत नाही, कारण हा हक्क मुलाचा आहे.

तक्रार केली तर पोरावर राग काढतील, ही भीती मात्र खरी आहे. मलाही वाटली होती. म्हणून एकट्यानं जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बाया असतात. तिथं विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. आणि ऊसतोडीच्या पोरांबद्दलही त्याच अर्जात लिहा, त्यांचे आई-बाप बैठकीला येऊ शकत नाहीत.