बॅन्शी म्हणजे हडळच ना?

सुट्टीत डब्लिनहून पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडची बॅन्शी म्हणजे आपली हडळच ना गं?"

नाही. बॅन्शी म्हणजे आयरिश लोककथांतली, मरणाची चाहूल देत रडणारी बाई. तिला हडळ म्हटलेलं मला खरंच लागतं.

मूळ आयरिशमध्ये हे दोन शब्द आहेत. 'ब्यान' म्हणजे बाई, 'शी' म्हणजे टेकाड. टेकाडातली बाई, एवढंच. भूत, मरण, किंकाळी यांतलं त्यात काहीच नाही. आयर्लंडमध्ये गवताने झाकलेली अशी प्राचीन टेकाडं जागोजागी दिसतात. त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध न्यूग्रेंज, इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचं हे थडगं, आणि त्याच्या आयरिश नावातही 'शी' आहेच. जुन्या कथा सांगतात की, तुआहा डे डॅनन हे देवकुळ माणसांकडून हरलं, तेव्हा जमिनीवरचा मुलूख माणसांना मिळाला आणि जमिनीखालचा त्यांना. ते टेकाडांत राहायला गेले. पुढे घराचं नाव घरातल्यांनाही लागलं.

आणखी एक गोष्ट, जी कळली तेव्हा मी हरखून गेले होते. 'ब्यान' हा शब्द ऋग्वेदातल्या 'ग्ना', म्हणजे देवस्त्री, या शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. 'शी'चं मूळही बहुतेक अभ्यासक आपल्या 'सदन'मधल्या 'सद्' धातूच्याच कुळात शोधतात.

आता तिचं काम. हडळ झपाटते, जीव घेते. बॅन्शी कुणाला मारत नाही. घरातलं कुणी जाणार असलं की ती आधी येऊन रडते. पूर्वी आयर्लंडमध्ये मयताच्या घरी शोकगीत गाणाऱ्या बायका असत. त्या आक्रोशाला 'क्वीना' म्हणत. चर्चने विरोध केला, प्रथा विरत गेली. बॅन्शीचं रडणं मला त्याच बायकांचं वाटतं. आग्नेयेकडे, वेक्सफर्ड-वॉटरफर्डच्या बाजूला, तिला 'बाइव्ह' म्हणतात. ते जुन्या युद्धदेवतेचं, कावळ्याच्या रूपात येणारीचं नाव. तिथे तिची भीती जास्त वाटते.

ती कुणासाठीही रडत नाही. आडनावात 'ओ' किंवा 'मॅक' असलेल्या जुन्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, घराण्यांसाठीच रडते, अशी समजूत. आमच्या शेजारच्या आजींनी एकदा चहा ओतता ओतता सांगितलं, "माझे आजोबा गेले, त्या रात्री ती आमच्या कुंपणाशी रडत होती." सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.